वस्तीतली माणसं किती शिकली आहेत, हे मोजायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहरातल्या तीन कमी उत्पन्नाच्या वस्त्यांमध्ये तुमच्या संस्थेने घरोघर पाहणी केली. फॉर्मवर वय, काम, उत्पन्न आणि शिक्षण असे रकाने होते. सगळ्यांच्या इयत्ता मिळवून सरासरी काढली, ती सातवीच्या आसपास आली. आता अहवालात 'वस्तीची शैक्षणिक पातळी सातवी' असं लिहायचं का, आणि विश्वस्त म्हणतात त्याप्रमाणे प्रौढ साक्षरता वर्ग सुरू करायचे का?

ते वाक्य अहवालात घालू नका. वर्गांचा निर्णयही त्या आकड्यावरून घेऊ नका. तुमची मेहनत वाया गेलेली नाही. फॉर्म नीट भरले असतील तर त्यांतच पुष्कळ काही सापडेल. पण सातवी हा आकडा त्या वस्तीतल्या जवळजवळ कुणाचाच नाही. महाराष्ट्रातल्या शहरी वस्त्यांमध्ये बरीच वर्षं ही पाहणी करत आलोय, त्यावरून सांगतो.

सरासरीत कोण कोण बसलंय ते आधी बघा. चौथीतली नऊ वर्षांची मुलगी तुमच्या बेरजेत 'चार' म्हणून आली असणार. ती कमी शिकलेली नाही, तिचं शिक्षण चालू आहे. ज्या वस्तीत लहान मुलं जास्त, तिथली सरासरी आपोआप खाली येते आणि आपण समजतो की ही वस्ती मागासलेली. म्हणून शिकत असलेले आणि शिक्षण थांबलेले असे दोन गठ्ठे पहिल्यांदा वेगळे करा. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात शालेय वर्षांची सरासरी २५ आणि त्याहून जास्त वयाच्या लोकांचीच काढतात, ती याचसाठी. जनगणनेची साक्षरता आणखी वेगळी गोष्ट आहे. तिथे सात वर्षांपुढच्या ज्या माणसाला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येतं, तो साक्षर. २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२.३४ टक्के होती, त्यात स्त्रिया ७५.८७ टक्के. हा आकडा आणि तुमची सातवी यांची तुलना होऊच शकत नाही. शिवाय २०११ नंतर जनगणना झालेली नाही, पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. म्हणजे वस्तीपातळीवर आज काय चाललंय हे सांगणारं ताजं सरकारी चित्र हाताशी नाही. तुमच्यासारख्यांच्या पाहणीला म्हणूनच महत्त्व आहे, आणि म्हणूनच ती काळजीपूर्वक मांडायला हवी.

दुसरं, वयाचे गट पाडल्याशिवाय इयत्तेला अर्थ नाही. साठी ओलांडलेल्या आजोबांनी 'मॅट्रिक' सांगितलं तर आधी वय बघा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात मॅट्रिक अकरावीला असायची. त्या पिढीत शाळा सुटायची ती चौथीला किंवा सातवीला, कारण गावातली शाळा तिथेच संपायची. त्यांची सातवी पास म्हणजे परीक्षा देऊन मिळवलेली गोष्ट. आता १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला आणि आठवीपर्यंत नापास करणं बंद झालं. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीला पुन्हा परीक्षा घेण्याची मुभा मिळाली, महाराष्ट्राने ती २०२३-२४ पासून आणली. मधल्या दहा-बारा वर्षांतल्या मुलांची आठवी म्हणजे 'आठवीपर्यंत शाळेच्या पटावर होतो' इतकंच खात्रीने म्हणता येतं. नातवाची आठवी आणि आजोबांची सातवी एका रकान्यात बसवली की एक पाऊल पुढे पडलंय असं दिसतं. खरोखर पडलंय का, ते वाचायला दिल्याशिवाय कळत नाही.

ज्याकडे बहुतेक अहवालांत लक्षच जात नाही, ते आता सांगतो. तुमच्या वस्तीतल्या तीस-चाळीस वर्षांच्या बायकांचं शिक्षण घ्या. त्यांतल्या किती जणी या शहरातल्या शाळेत शिकल्या? बऱ्याच लग्न होऊन इथे आल्या. कुणी मराठवाड्यातल्या गावातून, कुणी खानदेशातून, कुणी उत्तर प्रदेशातून. त्यांची पाचवी किंवा सातवी तुम्ही 'शहरातल्या गरीब वस्तीची पातळी' म्हणून लिहिता, पण तो वीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या गावच्या शाळेचा निकाल आहे. याच वस्तीत जन्मलेल्या, इथल्या महापालिका शाळेत शिकलेल्या मुली लग्न होऊन कल्याणला, नाशिकला, पिंपरीला गेल्या. त्या तुमच्या फॉर्मवर नाहीतच. पुरुषांचंही तसंच, सोळा-सतराव्या वर्षी कामासाठी आलेला माणूस गावचं शिक्षण बरोबर घेऊन येतो. त्याच्या उलट, बारावी-पदवी होऊन पगाराची नोकरी लागली की पोरगा भाड्याने का होईना, वस्तीबाहेर खोली घेतो. जो शिकून वर गेला तो वस्तीतून गेला आणि त्याच्या जागी नवीन भाडेकरू आला. वस्तीची पातळी वर्षानुवर्षं हलत नाही असं जे दिसतं, त्यात या ये-जा करण्याचा वाटा फार मोठा आहे.

यावर उपाय एकाच जादा प्रश्नाचा आहे: 'शाळा कुठे झाली?' गाव की शहर, आणि शहर असेल तर कोणती शाळा. दुसरा प्रश्न जमला तर जरूर घाला: 'या घरातली लग्न होऊन किंवा कामासाठी बाहेर गेलेली मुलं-मुली किती शिकली?' हे दोन रकाने भरले की शहराच्या शाळांनी काय केलं ते वेगळं दिसतं आणि स्थलांतराने काय आणलं ते वेगळं. धोरणाच्या दृष्टीने हे अगदी निराळे प्रश्न आहेत. पहिल्यासाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे जायचं, दुसऱ्यासाठी प्रौढ वर्गांचा विचार करायचा.

प्रश्न कसा विचारला यावरही बरंच अवलंबून असतं. दारात उभं राहून 'शिक्षण?' एवढं विचारलं की माणूस शेवटचा वर्ग सांगतो, पास झालेला नाही. असं संभाषण रोजचं आहे:

'शिक्षण किती दादा?'
'सातवी.'
'सातवी पास झालात का?'
'नाही, सहावी पास. सातवीला दिवाळीपर्यंत गेलो, मग वडील वारले.'

दोन्ही उत्तरं लिहायची. शेवटची पास इयत्ता एका रकान्यात आणि ज्या इयत्तेत सोडलं ती दुसऱ्यात. दहावी नापास हा महाराष्ट्रातल्या शहरांत मोठा गट आहे, त्याला 'नववी पास' म्हणून पुसून टाकू नका. किती विषय राहिले तेही विचारा, कारण एक-दोन विषय राहिलेल्याला एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीत जाता येतं आणि बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेले, रात्रशाळेतून दहावी केलेले, दहावीवर आयटीआय केलेले, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी. ए. करत असलेले, मदरशात शिकलेले, यांना फॉर्मवर जागा हवी. सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात 'निरक्षर'पासून 'पदव्युत्तर'पर्यंतच्या पायऱ्या आहेत, त्यात औपचारिक शाळेशिवाय साक्षर आणि पदविका यांनाही वेगळी जागा आहे. त्याच पायऱ्या वापरा, म्हणजे पुढे तुलना करता येईल.

आणि उत्तर कोणाकडून घेता हेही पाहा. सकाळी अकराला गेलात तर घरी सासू आणि लहान मुलं भेटतात. सासूबाई सुनेचं शिक्षण 'असेल पाचवी-सहावी' असं सांगून मोकळ्या होतात. नाक्यावरचे मजूर आणि घरकामाला जाणाऱ्या बायका दिवसा सापडत नाहीत. कुलूपबंद घरं वगळली की सगळ्यात गरीब आणि सगळ्यात कामात गुंतलेली घरं वगळली जातात. रविवार सकाळ आणि संध्याकाळी सातनंतरची वेळ ठेवा.

आता 'कुटुंबाचं शिक्षण' या गोष्टीकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. नमुन्याला एक घर घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत, पण अशी घरं तुम्हाला प्रत्येक गल्लीत भेटतील. सासू ६२ वर्षांची, शाळेत गेलेली नाही. नवरा ४१ चा, सहावी पास, नाक्यावर बिगारी काम. बायको ३५ ची, आठवी पास, नववीत लग्न झालं, चार घरची धुणीभांडी. मुलगी १७ वर्षांची, अकरावी पास होऊन बारावी कॉमर्सला. मुलगा १५ चा, आठवी पास, नववीच्या मध्यात शाळा सोडून कपड्यांच्या दुकानात. धाकटा ९ चा, तिसरी पास होऊन चौथीत.

कुटुंबप्रमुखाचं शिक्षण धरलं तर हे घर सहावीचं. सर्वांत जास्त शिकलेल्याचं धरलं तर अकरावीचं. सरासरी काढली तर छत्तीस भागिले सहा, म्हणजे पुन्हा सहावी. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात घरातल्या दहा वर्षांपुढच्या एकाही व्यक्तीची सहा वर्षांची शाळा पूर्ण नसेल तरच घर शिक्षणात वंचित धरतात, आणि शाळेतल्या हजेरीचा निकष आठवी पूर्ण होण्याच्या वयापर्यंतच्या मुलांनाच लागू होतो. त्या मापाने हे घर शिक्षणात अजिबात वंचित नाही.

आता त्या पंधरा वर्षांच्या मुलाकडे बघा. जनगणनेसाठी तो साक्षर. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा, तो त्यातून बाहेर पडला. प्राथमिक शिक्षण पूर्ण केलेल्यांच्या आकड्यात तो यशस्वी म्हणून मोजला जातो. बालमजुरीचा कायदा २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ वयाला फक्त धोकादायक कामांची मनाई करतो, दुकानात उभं राहणं त्यात येत नाही. म्हणजे एकाही मापात तो अडचणीत असलेला दिसत नाही. तुमच्या सरासरीत त्याचा 'आठ' उलट आकडा वर ओढतो! हा मुलगा दिसेल अशी मांडणी करणं, हेच माझ्या मते तुमच्या पाहणीचं खरं काम आहे.

कारण महाराष्ट्राच्या शहरांत आज गळती जिथे साचते ती जागा नववी आहे, आणि ती तिथे का साचते याची कारणं साधी, हिशेबाची आहेत. आठवीपर्यंत सक्तीचं आणि मोफत. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतली मोफत पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. खासगी विनाअनुदानित शाळेत २५ टक्के कोट्यातून घेतलेला प्रवेशही आठवीपर्यंतच. पहिलीत या कोट्यातून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेलं मूल आठ वर्षं तिथे रुळतं आणि नववीच्या जूनमध्ये त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते. हा कोटा दुर्बल घटकासाठी वर्षाला एक लाख रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांना आहे. अशा घराने नववीची फी कुठून भरायची? मग मूल त्या शाळेतून काढून दुसरीकडे टाकतात, बहुधा माध्यम बदलून, आणि दहावीच्या तोंडावर माध्यम बदललेलं मूल अडखळतं. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या कोट्यातून सूट दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केला. त्या वादात पहिलीच्या प्रवेशावर भरपूर चर्चा झाली. नववीत बाहेर पडणाऱ्यांवर तेवढी व्हायला हवी होती.

महापालिका शाळांचंही गणित तसंच आहे. प्राथमिक शाळा पुष्कळ, माध्यमिक त्या मानाने थोड्या. मुंबई महापालिका मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ माध्यमांत शाळा चालवते, ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच माध्यमाची नववी चालत जाण्याच्या अंतरावर नसेल तर रिक्षा-बसचा खर्च सुरू होतो. मुलीच्या बाबतीत सोबतीचा प्रश्न येतो. त्यात ज्याला आठ वर्षांत कुणी अडवलं नाही त्याचं कच्चेपण नववीत पहिल्यांदा उघडं पडतं, आणि शाळेलाही दहावीचा निकाल राखायचा असतो. मी पाहिलेल्या वस्त्यांत मुलगे या टप्प्यावर कामाला लागून सुटतात, तर मुली आई कामाला जाते म्हणून घर सांभाळायला थांबतात किंवा दहावीनंतर लांबच्या कॉलेजला पाठवायचं नाही म्हणून. मुलींचं बारावीपर्यंतचं शिक्षण शुल्क राज्यात माफ आहे, तरी क्लासची फी, प्रवास आणि घरातलं काम यांना माफी नाही.

सोडण्याचं कारण विचारताना पर्याय वाचून दाखवू नका. 'आर्थिक अडचण' आणि 'अभ्यासात रस नाही' या दोन चौकटींत सगळं जमा होतं आणि त्यातून काहीच कळत नाही. 'शेवटच्या वर्षी काय काय झालं?' असं विचारा आणि बोलू द्या. दाखला मिळाला नाही, घर पाडलं आणि पुनर्वसनात लांब गेलो, वर्गात मास्तर सगळ्यांसमोर बोलले, बहीण बाळंतपणाला आली, गणिताचा पेपर राहिला, अशी उत्तरं येतात आणि प्रत्येकावर करण्याजोगं काहीतरी असतं. उदाहरणार्थ, आठवीपर्यंतच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही, ते कलम १४. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष प्रशिक्षण द्यायचं, ते कलम ४. मुंबईतल्या मानखुर्दसारख्या भागातल्या पुनर्वसन वसाहतींत वर्षाच्या मध्यात आलेल्या घरांना ही तीन कलमं फार कामाला येतात.

इयत्तेबरोबर प्रत्यक्ष वाचता येतं का, तेही तपासा. मुलांना वाचता येतं का हे घरोघर जाऊन तपासणारी 'असर' पाहणी २००५ पासून होते, पण ती ग्रामीण भागाची. शहरी गरीब वस्त्यांसाठी तशी नियमित पाहणी नाही. तिचं साधन मात्र साधं आहे: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठपर्यंत पोचलं ते लिहायचं. मोठ्या माणसांची अशी परीक्षा घेऊ नका, त्यांना अपमान वाटतो. महापालिकेची पाणीपट्टीची नोटीस किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा निरोप दाखवून 'हे कोण वाचतं तुमच्या घरात?' असं विचारा. कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर या अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये मांडलं होतं की घरात एक जरी साक्षर असेल तर निरक्षरांनाही त्याचा फायदा पोचतो, म्हणून अशा घरातला निरक्षर आणि एकही साक्षर नसलेल्या घरातला निरक्षर सारखे मोजू नयेत. वस्तीत तो वाचून दाखवणारा बहुतेक वेळा सातवी-आठवीतलं मूल असतं. आईला नोटीस मूल वाचून दाखवतं, पण मुलाची वही आईला वाचता येत नाही. 'घरात कोणी मोठं माणूस मुलाचा अभ्यास बघू शकतं का?' हा रकाना मला कुटुंबाच्या सरासरीपेक्षा कितीतरी उपयोगाचा वाटतो.

उत्पन्नाबद्दल थोडक्यात. 'कमी उत्पन्न' ठरवायला रेशन कार्डाचा रंग वापरू नका. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबासाठी शहरात वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा धरलेली आहे. दोन कमावते हात असलेलं मजुराचं घर ती कधीच ओलांडतं, आणि दुसरीकडे नुकत्याच आलेल्या खरोखर गरीब भाडेकरूकडे इथलं कार्डच नसतं. खोलीचं भाडं, कमावते किती आणि महिन्यात कामाचे दिवस किती मिळतात, यांवरून गट पाडा.

विश्वस्तांच्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. प्रौढ वर्ग वाईट नाहीत. पंचेचाळिशीपुढच्या बायकांना बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची असते, त्यांनी मागितले तर नक्की घ्या. केंद्राच्या उल्लास कार्यक्रमातून १५ वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आधीच काही चालू असेल तर त्याला जोडून घ्या. पण संस्थेचा वेळ आणि पैसा मर्यादित असेल तर तो मी आधी नववी-दहावीवर लावीन.

हातातल्या फॉर्मवरून आत्ताच एवढं करा. १५ ते १८ वयाची सगळी मुलं-मुली वेगळी काढा, शिकत आहेत की नाहीत ते लिहा, आणि न शिकणाऱ्यांची शेवटची पास इयत्ता मुलगे-मुली वेगळे करून मांडा. १९ ते २४ मध्ये आठवी, दहावी, बारावी पूर्ण केलेले शेकडा किती, तेही तसंच काढा. २५ च्या पुढे गाव आणि शहर वेगळं करा, त्यासाठी पुन्हा घरी जावं लागलं तरी जा. अहवालाच्या पहिल्या पानावर हे तीन तक्ते द्या, सरासरी कुठेच नको. मग वस्तीच्या नकाशावर कुठल्या माध्यमाची नववी किती अंतरावर आहे ते टाका आणि तो नकाशा घेऊन महापालिकेच्या शिक्षण विभागातल्या प्रशासन अधिकाऱ्यांना भेटा. दहावीत विषय राहिलेल्यांची आणि नववीत सोडलेल्यांची यादी मात्र त्याआधी करा. १७ नंबरचे फॉर्म मंडळ ठरावीक मुदतीतच घेतं आणि त्यासाठी जुन्या शाळेचा दाखला मिळवण्यातच पंधरा-वीस दिवस जातात.